चोरलेले संभाषण आणि त्याचे गिऱ्हाईक

'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या लंडनच्या रविवारच्या वृत्तपत्राचा शेवटचा अंक १० जुलै २०११ रोजी निघाला. १८४३ मध्ये सुरू झालेले आणि १९६९ पासून रूपर्ट मर्डोक यांच्या मालकीचे हे पत्र बंद पडतानाही आठवड्याला २५ लाखांहून जास्त खपत होते. ते तोट्याने बुडाले नाही. लोकांच्या मोबाइलवरचे निरोप चोरून ऐकून त्यांच्या बातम्या केल्याचे उघड झाले आणि मालकाने ते आठवडाभरात गुंडाळले. मराठीत या प्रकरणाचा विषय निघाला की दोन ठरीव मते ऐकू येतात. एक म्हणजे ती इंग्रजांकडची पिवळी पत्रकारिता, आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी कुणाचा फोन फोडलेला नाही. दुसरे म्हणजे झाले ते फार वाईट, सबब वृत्तपत्रांना वेसण घाला. आष्टी तालुक्यातल्या कड्यासारख्या बाजारगावात ही मते मांडली जातात तशीच मुंबईच्या चर्चासत्रांतही. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. चोरी करणाऱ्या हातावर सगळ्यांची नजर असते. माल विकत घेणारा आणि चोरीकडे काणाडोळा करणारा, दोघेही हिशेबातून सुटतात.

आधी मूळ प्रकरण पाहावे लागते, कारण त्याच्याविषयीचा पहिला गैरसमज तंत्राबद्दल आहे. 'हॅकिंग' म्हटले की अंधाऱ्या खोलीतला संगणकतज्ज्ञ डोळ्यांपुढे येतो. इथे तसे काही नव्हते. ब्रिटनमध्ये त्या काळी मोबाइल कंपन्या ग्राहकाला व्हॉइसमेल देत. फोन उचलला गेला नाही तर समोरच्याचा बोलका निरोप कंपनीकडे साठे आणि दुसऱ्या कोणत्याही फोनवरून चार आकडी पिन दाबून तो ऐकता येई. कंपनीने दिलेला मूळ पिन बहुतेक ग्राहक कधी बदलतच नसत. एकाने फोन लावून लाइन गुंतवायची आणि त्याच क्षणी दुसऱ्याने लावायचा, की दुसरा सरळ निरोपांच्या पेटीत पोहोचे. पिन बदललेला असला तर कंपनीच्या ग्राहक सेवेला आपण आतलेच कर्मचारी असल्याचे भासवून तो पूर्ववत करून घ्यायचा. या कामाला हुशारीपेक्षा निर्ढावलेपण आणि रिकामा वेळ जास्त लागत होता, आणि त्या वेळेचे पैसे वृत्तपत्र मोजत होते. खासगी हेर ग्लेन मलकेअर याचे वर्षाचे कंत्राट लाखभर पौंडांचे होते.

मलकेअरची एक सवय पुढे सगळ्यांना महागात पडली. तो प्रत्येक कामाचे टिपण हाताने लिहून ठेवी. त्यात सावजाचे नाव, फोन नंबर आणि पिन असे; पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ज्या पत्रकाराने काम सांगितले त्याचे पहिले नाव असे. अशी सुमारे ११ हजार पाने २००६ मध्ये पोलिसांनी जप्त केली. त्यांत चार हजारांच्या आसपास माणसांची नावे होती. म्हणजे चोरी कुणाची झाली एवढेच नव्हे, तर ती कुणाच्या सांगण्यावरून झाली हेही पहिल्या दिवसापासून लंडनच्या पोलिसांच्या ताब्यात होते. पाने कचऱ्यासाठी वापरतात तसल्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून ठेवली गेली आणि पाच वर्षे बव्हंशी तशीच राहिली.

या पाच वर्षांत जे झाले तेच प्रकरणाचे खरे मर्म आहे. राजपुत्र विल्यम यांच्या गुडघ्याच्या दुखण्याची, मोजक्यांनाच ठाऊक असलेली बातमी छापून आल्यामुळे राजवाड्याला संशय आला. ऑगस्ट २००६ मध्ये मलकेअर आणि राजघराण्याच्या बातम्या सांभाळणारा क्लाइव्ह गुडमन यांना अटक झाली. जानेवारी २००७ मध्ये मलकेअरला सहा आणि गुडमनला चार महिन्यांची शिक्षा झाली. संपादक अँडी कूलसन यांनी आपल्याला काही माहीत नव्हते असे सांगत पद सोडले. मर्डोक यांच्या कंपनीने जाहीर केले की एकच वार्ताहर बिघडला होता. एका नासक्या आंब्याने आढी नासते असे मराठीत म्हणतात. कंपनीचे म्हणणे असे की आंबा एकच नासला आणि आढी ठणठणीत राहिली. ही बतावणी त्याच खटल्याच्या कागदपत्रांत उघडी पडत होती. मलकेअरने राजवाड्याशी काडीचाही संबंध नसलेल्या आणखी पाच जणांचे निरोप ऐकल्याचे कबूल केले होते. त्यांत एक खासदार होते आणि व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेचे प्रमुख गॉर्डन टेलर होते. राजघराण्याच्या वार्ताहराला फुटबॉल संघटनेच्या प्रमुखाचे निरोप कशाला हवेत, हा प्रश्न पोलिसांनी विचारला नाही. वृत्तपत्रांच्या आचाराची जबाबदारी असलेल्या प्रेस कम्प्लेंट्स कमिशनलाही तो सुचला नाही.

९ जुलै २००९ रोजी 'गार्डियन'ने निक डेव्हिस यांची बातमी छापली. टेलर यांना गप्प बसण्यासाठी कंपनीने सुमारे सात लाख पौंड मोजल्याचे त्यात होते. लंडन पोलिसांचे सहायक आयुक्त जॉन येट्स यांनी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, नव्याने तपासाची गरज नसल्याचे जाहीर केले. कमिशनने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अहवाल काढला आणि टीका केली ती 'गार्डियन'वर. दरम्यान कूलसन हे डेव्हिड कॅमरून यांचे प्रसिद्धिप्रमुख झाले होते आणि २०१० मध्ये त्यांच्याबरोबर थेट पंतप्रधान कार्यालयात गेले. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चे माजी कार्यकारी संपादक नील वॉलिस यांना लंडन पोलिसांनी प्रसिद्धी सल्लागार म्हणून पैसे देऊन नेमले. ज्या काळात पोलीस तपास पुन्हा सुरू करायला नकार देत होते, नेमक्या त्याच काळातली ही नेमणूक. एवढे सगळे जुळून आल्यावर 'एकच वार्ताहर' हा सिद्धांत कोणाकोणाच्या सोयीचा होता, हे वेगळे सांगायला नको.

तो कोसळला ४ जुलै २०११ रोजी. २००२ मध्ये बेपत्ता होऊन खून झालेल्या मिली डाउलर या १३ वर्षांच्या शाळकरी मुलीच्या मोबाइलवरचे निरोप, ती सापडत नसतानाच्या दिवसांत, या वृत्तपत्राच्या माणसांनी ऐकले होते, असे 'गार्डियन'ने छापले. नटनट्यांच्या फोनबद्दल खांदे उडवणारा ब्रिटिश वाचक इथे चवताळला. जाहिरातदार पळाले आणि पत्र बंद झाले. १३ जुलैला मर्डोक यांच्या कंपनीने बीस्कायबी ही उपग्रह वाहिनी पूर्ण ताब्यात घेण्याचा प्रस्ताव मागे घेतला. १५ तारखेला मर्डोक यांच्या ब्रिटिश वृत्तपत्र कंपनीच्या प्रमुख रिबेका ब्रूक्स, १७ ला पोलीस आयुक्त पॉल स्टीफनसन आणि १८ ला येट्स पायउतार झाले. जून २०१४ मध्ये कूलसन दोषी ठरले आणि जुलैत त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रूक्स सर्व आरोपांतून निर्दोष सुटल्या. इथे एक दुरुस्ती नोंदवायलाच हवी, कारण मराठी लेखांतून जुनीच गोष्ट अजून फिरते. निरोपपेटीतले निरोप या पत्रकारांनी पुसले आणि त्यामुळे आईवडिलांना मुलगी जिवंत असल्याची खोटी आशा वाटली, असे पहिल्या बातमीत होते. ते निरोप यंत्रणेने ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले असण्याची शक्यता जास्त, असे डिसेंबर २०११ मध्ये पुढे आले आणि 'गार्डियन'ने तसे छापलेही. निरोप ऐकल्याचा मुद्दा कायम राहिला.

आता 'आपल्याकडे असे झाले नाही' हे म्हणणे. शब्दशः घेतले तर ते खरे आहे. भारतात व्हॉइसमेल कधी रुजलाच नाही आणि कोणत्या मराठी वृत्तपत्राने पगारी माणूस ठेवून लोकांचे निरोप ऐकल्याचे सिद्ध झालेले नाही. पण चोरीची वाट वेगळी असली म्हणून बाजार वेगळा ठरत नाही. ब्रिटनमध्ये वृत्तपत्र ऐकत होते आणि पोलीस डोळे मिटून होते. महाराष्ट्रात ऐकण्याची साधने सरकारकडे आहेत, ऐकलेले तिथून झिरपते आणि माध्यमे ओंजळ धरतात. माल त्याच प्रकारचा आहे, फक्त पुरवठादार बदलला आहे.

ऐकण्याचा कायदेशीर अधिकार १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५(२) मधून आला. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात त्याला कुंपण घातले. तातडीचा अपवाद सोडता आदेश गृहसचिवाचाच हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवली तरी सहा महिन्यांपलीकडे नाही आणि प्रत्येक आदेश आढावा समितीपुढे जायला हवा. २००७ मध्ये हे नियम ४१९अ म्हणून छापले गेले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आणि डिसेंबर २०२४ च्या नियमांनी त्यांची जागा घेतली तरी सांगाडा तोच राहिला. राज्याच्या आढावा समितीत मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव बसतात. न्यायाधीश त्यात नाही, विरोधी पक्षाचा कोणी नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला ते नंतरही कळवले जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात सीबीआयसाठी काढलेले तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. तो निकाल लागला, कारण त्या माणसावर खटला होता आणि त्यामुळे त्याला टॅपिंगचा पत्ता लागला. ज्याच्यावर खटलाच झाला नाही त्याचे काय?

२०२१ च्या पावसाळी अधिवेशनात काँग्रेसचे नाना पटोले यांनी आरोप केला की आपला फोन 'अमजद खान' या नावाने, अमली पदार्थांच्या संशयावरून टॅप केला गेला. आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत कुलाब्याला बेकायदा टॅपिंगचे गुन्हे दाखल झाले. कुलाब्याचा गुन्हा संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोनविषयीचा होता. सरकार बदलले. पुणे पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, कुलाब्याच्या प्रकरणात खटल्याला सरकारने मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. न्यायालयाच्या दृष्टीने विषय मिटला आहे आणि कुणावर दोष सिद्ध झालेला नाही. तो उकरण्याचे इथे कारण नाही. पण एक गोष्ट गुन्हा रद्द झाल्याने नाहीशी होत नाही. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे येतो तो एक कागद असतो, त्यावर एक नाव आणि एक नंबर. नंबर खरोखर त्या नावाच्याच माणसाचा आहे का, हे तपासणारा बाहेरचा डोळा या रचनेत कुठेच नाही. आरोप खरे असोत की खोटे, ते शक्य कोटीतले वाटतात याला ही रचना जबाबदार आहे.

अशाच दुसऱ्या एका टॅपिंगमधून तयार झालेल्या, पोलीस बदल्यांच्या अहवालाचा दाखला २३ मार्च २०२१ रोजी देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत दिला. ते तेव्हा विरोधी पक्षनेते होते. गोपनीय माहिती बाहेर कशी आली याचा गुन्हा बीकेसीच्या सायबर ठाण्यात अज्ञातांविरुद्ध दाखल झाला. बदल्यांचा बाजार हा सार्वजनिक हिताचाच विषय होता यात शंका नाही. तरी त्या आठवड्यातल्या मथळ्यांत एक प्रश्न जवळपास दिसलाच नाही: ज्या खासगी माणसांची बोलणी ऐकली गेली, त्यांना त्यांची बाजू कुठे मांडता येणार? सत्तेत असताना टॅपिंग हे राज्याच्या सुरक्षिततेसाठी असते आणि सत्ता गेली की तेच लोकशाहीवरचे संकट होते. या उलटापालटीत महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्रमुख पक्षाला दुसऱ्याकडे बोट दाखवायला फारशी जागा उरलेली नाही.

पुढाऱ्यांचे पुढारी बघून घेतील, असे कड्यातला माणूस म्हणेल. त्याच्यासाठी बीड जिल्ह्यातलेच एक उदाहरण पुरे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जिल्ह्यातल्या एका तरुणीचा पुण्यात मृत्यू झाला. काही दिवसांतच तिच्याशी संबंधित म्हणून बारा ऑडिओ क्लिप गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि वाहिन्यांवर वाजू लागल्या. त्या वेळच्या एका मंत्र्याला २८ फेब्रुवारीला राजीनामा द्यावा लागला. पुढच्या सरकारात ते पुन्हा मंत्री झाले. मार्चमध्ये तरुणीच्या वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने त्या संभाषणांना प्रसिद्धी देण्यापासून माध्यमांना रोखले. तोवर क्लिप जिथे पोहोचायच्या तिथे पोहोचल्या होत्या. तिचे नाव इथे मुद्दाम लिहिलेले नाही. लंडनमध्ये एका मृत मुलीचे निरोप ऐकले गेले म्हणून १६८ वर्षांचे वृत्तपत्र बंद पडले. इथे एका मृत तरुणीची बोलणी चहाच्या टपरीवर स्पीकर लावून ऐकली गेली आणि एकही संपादकीय खुर्ची हलली नाही. क्लिप बाहेर कुठून आल्या, हा तर बातमीचा विषयही फारसा झाला नाही. 'आपल्याकडे तसे झाले नाही' म्हणणाऱ्यांनी या दोन घटनांतला फरक समजावून सांगावा. आपल्याकडे झाले, आणि त्याची किंमत कुणी मोजली नाही, एवढाच फरक दिसतो.

त्याआधीच्याच वर्षी मुंबईत या धंद्याची तालीम झाली होती. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर तपास यंत्रणांच्या ताब्यातल्या फोनमधले व्हॉट्सॲप संवाद वाहिन्यांवर रोज वाचून दाखवले जात. फोन यंत्रणेच्या ताब्यात आणि मजकूर पडद्यावर, मग मधली वाट कोणती? १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नीलेश नवलखा प्रकरणात माध्यमांच्या समांतर खटल्यांवर सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्याच महिन्यात, त्या गदारोळात आघाडीवर असलेल्या रिपब्लिक वाहिनीचे संपादक अर्णब गोस्वामी यांचे स्वतःचे संवाद टीआरपी प्रकरणाच्या आरोपपत्राबरोबर बाहेर आले आणि इतर वाहिन्यांनी ते तितक्याच आवडीने वाचले. नियतीला विनोदाचे अंग असते असे समजून हा प्रसंग सोडून देता येईल. पण पुरवठादार दोन्ही वेळा तपासाच्या बाजूचाच होता, हे विसरू नये.

या सगळ्याला एक भारी उत्तर बीडमध्येच मिळते आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्या हिवाळ्यात 'सीडीआर काढा', म्हणजे आरोपींच्या फोनचे कॉल तपशील काढा, ही मागणी विधानसभेपासून टपरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती. कडा ज्या आष्टी मतदारसंघात येते तिथले आमदार सुरेश धस यांनी हा विषय सभागृहात लावून धरला होता. मार्च २०२५ च्या सुरुवातीला आरोपपत्रातले, मारहाणीच्या वेळी आरोपींनीच काढलेले फोटो वाहिन्यांवर आले. एका आरोपीशी असलेल्या जवळिकीवरून टीका झेलणारे धनंजय मुंडे यांनी ४ मार्चला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. फोटो बाहेर आले नसते तर हे झाले असते का, असे बीडमध्ये कोणीही विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे.

उत्तर मात्र वाटते तसे नाही. ते फोटो कुणी चोरून मिळवलेले नव्हते. फोन कायद्याने जप्त झाले होते, फोटो आरोपपत्राचा भाग झाले होते आणि ते न्यायालयापुढे होते. ते खुनाचा पुरावा होते. कुणाच्या खासगी आयुष्यात डोकावण्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यामुळे मस्साजोगचे उदाहरण फोन फोडण्याच्या बाजूने वापरता येत नाही. उलट रीतसर तपास झाला तर चोरीची गरज पडत नाही, असेच ते दाखवते. दुसरे, बातमी देणे आणि देह दाखवणे यांतही फरक आहे. फोटोत काय आहे ते शब्दांत सांगितले असते तरी राजीनाम्याचा दबाव कमी झाला नसता. मरणारा माणूस त्याच्या घरच्यांना मोबाइलच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहायला लावणे, हा त्या बातमीचा अपरिहार्य भाग नव्हता.

पुरावा आणि प्रसिद्धी यांची गल्लत ही या वादातली सगळ्यात मोठी गल्लत आहे. १९७२ मध्ये मुंबईचे कोरोनर आर. एम. मलकानी यांच्या खटल्यात, लाचलुचपत विभागाने एका डॉक्टरच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेले फोनवरचे बोलणे सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून ग्राह्य धरले. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पती-पत्नीच्या वादात गुपचूप केलेले ध्वनिमुद्रणही चालेल असे म्हटले. या निकालांचा आधार घेऊन 'क्लिप वाजवायला हरकत काय' असे विचारले जाते. न्यायालयाने क्लिप ऐकणे वेगळे. तिथे उलटतपासणी असते, संदर्भ असतो आणि खोटेपणा पकडायला समोरचा वकील असतो. पोर्टलवर वाजलेल्या क्लिपला यातले काही नसते, फक्त व्ह्यूज असतात. रेकॉर्डिंग मुळातच वाईट, असेही कुणी म्हणू नये. उसाच्या तोडीला जाणाऱ्या जोडप्याची उचल बऱ्याचदा तोंडी ठरते. मुकादमाने किती कबूल केले याचा त्यांच्याकडे असलेला एकमेव पुरावा कधी कधी फोनमधला तो कॉलच असतो. दुबळ्याच्या हातात रेकॉर्डिंग हे हत्यार आहे. ते कामगार कार्यालयात किंवा न्यायालयात ऐकवले जाईपर्यंत तरी त्यावर आक्षेप घ्यायला जागा नाही.

'ज्याच्याकडे लपवण्यासारखे नाही त्याला भीती कसली' या युक्तिवादाला फार वेळ द्यायला नको. नगर–जामखेड रस्त्यावरच्या कड्यात कांद्याचा भाव, उचल, सोयरीक, दवाखान्याचा रिपोर्ट, बँकेचा ओटीपी हे सगळे एकाच फोनवरून चालते. तो फोन दुरुस्तीला टाकताना गिऱ्हाईक पावतीच्या पाठीमागे आपला पॅटर्नही काढून देते, कारण स्क्रीन तपासायला तो लागतो असे दुकानदार सांगतो. मलकेअरच्या काळातल्या न बदललेल्या पिनपेक्षा हे दार कितीतरी सताड उघडे आहे. मुलीचे लग्न जमवणाऱ्या बापाकडे लपवण्यासारखे काही नसते. त्याने कोणत्या स्थळाला कोणत्या शब्दांत नकार दिला, ते मात्र गावभर होऊ नये एवढेच त्याला हवे असते. आणि हा माल विकत घेणारेही आहेत. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने लोकांचे कॉल तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून खासगी गुप्तहेरांची साखळी पकडली. चित्रपटसृष्टीतली नावे आल्यामुळे ते प्रकरण गाजले. पण अशा तपशिलांचे गिऱ्हाईक मुख्यतः संशयी जोडीदार आणि धंद्यातले वैरी असतात, म्हणजे साधी माणसे साध्या माणसांवरच पाळत ठेवतात.

मग वृत्तपत्रांना वेसण घालावी का? ब्रिटनने हा प्रयोग अर्धवट केला आणि तो शिकवण्यासारखा आहे. न्यायमूर्ती लेव्हसन यांचा सुमारे दोन हजार पानांचा अहवाल २९ नोव्हेंबर २०१२ रोजी आला. वृत्तपत्रांनी आचारसंहिता स्वतः सांभाळावी, पण तिच्यावर देखरेख करणारी संस्था मालकांपासून आणि सरकारपासून स्वतंत्र असावी, असा त्याचा गाभा होता. अधिकृत मान्यता असलेल्या संस्थेत सामील न झालेल्या वृत्तपत्राला खटल्याचा खर्च सोसायला लावणारे २०१३ च्या कायद्यातले कलम ४० कधी लागूच झाले नाही आणि २०२४ मध्ये ते रद्दही झाले. पोलीस आणि वृत्तपत्रे यांच्या साटेलोट्याची चौकशी करणारा दुसरा भाग १ मार्च २०१८ रोजी सरकारने गुंडाळला. थोडक्यात, जो भाग वृत्तपत्रांविषयी होता त्यावर दहा वर्षे वाद झाला आणि जो भाग पोलिसांविषयी होता तो झालाच नाही. 'वेसण घाला' म्हणणाऱ्यांनी हे नीट पाहावे. प्रकरण पोलिसांनी शोधले नव्हते, कमिशनने नव्हते, संसदेनेही नव्हते. ते एका वृत्तपत्राने, दुसऱ्या वृत्तपत्राच्या आणि पोलिसांच्या विरोधात जाऊन शोधले. वेसण घातली असती तर ती 'गार्डियन'लाही बसली असती.

भारतात वेसण घालायची तर सरकार हाताशी आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात पत्रकारितेला वेगळी सूट नाही. आधीच्या काही मसुद्यांत ती होती. सरकारी यंत्रणांना वगळण्याची तरतूद मात्र आहे. म्हणजे भ्रष्टाचाराची बातमी करणारा वार्ताहर कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो आणि फोन ऐकणारे खाते बाहेर राहू शकते. लंडनच्या प्रकरणापासून याच्या नेमके उलटे शिकायला हवे होते.

ज्याचे संभाषण फुटले त्याला आज दाद मागायला वाटा आहेत, पण त्या एकमेकींना भेटत नाहीत. १९७८ च्या कायद्याने चालणारी प्रेस कौन्सिल दिल्लीत आहे. ती वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही, आणि वाहिन्या व यूट्यूब तिच्या कक्षेतच नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली दुसऱ्याच्या फोनमधून परवानगीशिवाय मजकूर काढणे हा भरपाईचा विषय आहे आणि अप्रामाणिक हेतूने काढला तर गुन्हाही. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे होतो. कड्यातल्या माणसासाठी म्हणजे फिर्याद बीडला, भरपाई मंत्रालयात आणि वृत्तपत्राविरुद्धची तक्रार दिल्लीत. यातली कोणतीही वाट क्लिप पुरवणाऱ्या सरकारी हातापर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि दुरुस्ती तिथेच व्हायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, न्यायालयात सादर होणाऱ्या फाइलबरोबर तिचे हॅश मूल्य द्यावे लागते, म्हणजे तिच्यात एका अक्षराचाही बदल झाला तर पकडता येतो. फाइल बदलली नाही याची हमी कायदा घेतो. ती कुणी पाहिली, कुणी उतरवून घेतली आणि कुणाला पाठवली याची नोंद ठेवणे तो सक्तीचे करत नाही. जप्त फोनमधल्या प्रत्येक फाइलची अशी नोंदवही ठेवणे आणि ती आरोपपत्राबरोबर दंडाधिकाऱ्यांपुढे देणे बंधनकारक करता येते. त्याने कोणत्याही वृत्तपत्राची एक ओळही अडत नाही. टॅपिंगच्या आदेशांच्या आढावा समितीत उच्च न्यायालयाचा एक निवृत्त न्यायाधीश बसवणे आणि मुदत संपल्यावर ठरावीक काळाने त्या माणसाला लेखी कळवणे, या दोन दुरुस्त्या नियमांत बदल करूनही होण्यासारख्या आहेत.